हे पान तुझ्यासाठी नाही

"आठ वेळा," साकेत म्हणाला, आणि सरोजबाईंच्या हातातला घावनाचा तुकडा चटणीतच राहिला.

शनिवारचा अहवाल चालू होता. बाळकुमच्या त्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात हा एक नेमच होऊन बसला होता. न्याहारी उरकत आली की साकेत मोबाइल समोर धरून बसे आणि घरातल्या वायफायवर मुलांनी आठवडाभर काय केलं ते वाचून दाखवी. मुलांनी म्हणजे अंतराने. घरात मूल ती एकच, तेरा वर्षांची. पण मुलांवर नजर ठेवणाऱ्या त्या अ‍ॅपमधल्या कप्प्याचं नाव ‘मुलं’ असंच होतं. कार्टून किती मिनिटं, चित्रं काढणं किती मिनिटं, मैत्रिणींशी गप्पा किती, अडवलेल्या साइट किती. ऑफिसात सोमवारी टीमला ज्या आवाजात तो फैलावर घेत असेल त्याच आवाजात हे चाले. ओरडणं नाही, हात उगारणं नाही, सगळं कसं शांतपणे. सरोजबाई टेबलाच्या कडेला बसून मान डोलवत. डोंबिवलीच्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. शिस्तीचं त्यांना वावडं असायचं काही कारणच नव्हतं. साकेतने हे सगळं बसवलं तेव्हा "छान केलंस हो" असं म्हणणाऱ्या पहिल्या त्याच. दुपारी त्याच घरी असतात, म्हणून अंतराला जास्तीचा अर्धा तास द्यायचा चार आकडी नंबरसुद्धा त्यांच्याच हवाली केलेला होता, आणि तो देताना त्या जरा आढेवेढे घेत, त्यातही त्यांना गंमत वाटे.

"गुरुवार," साकेत पुढे वाचत होता, "दुपारी दोन चाळीस ते तीन दहा. अंतराचा टॅब. ब्लॉक केलेल्या साइट उघडायचा आठ वेळा प्रयत्न. कॅटेगरी..." तो थांबला. त्याच्या बायकोने, वल्लरीने, तव्याखालचा गॅस बंद केला आणि ओट्याशी वळून उभी राहिली. "कॅटेगरी अ‍ॅडल्ट," साकेत म्हणाला. मग त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, जणू त्या यंत्रालाच लाज वाटू नये म्हणून.

"काय?" अंतरा म्हणाली. "मी? यार बाबा, गुरुवारी मी झोपलेले. शाळेतून आलेले, जेवलेले आणि झोपलेले. कसम से."

"टॅब तुझा आहे."

"असेल. पण मी झोपलेले."

सरोजबाईंना कानशिलं तापलेली जाणवली. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला इतकी धडधडीत लाज वाटू शकते हे त्यांना आज नव्याने कळत होतं. कारण गुरुवारी दुपारी दोन चाळीस ते तीन दहा तो टॅब त्यांच्या मांडीवर होता. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजव्याचं व्हायचं, मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून त्यांनी अंतराचा टॅब चार्जरवरून काढला होता आणि खोलीत पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी परकरावर डाग दिसला होता. आदल्या रात्री बीटाची कोशिंबीर झाली होती, म्हणून आधी तो बीटाच्या माथी मारून पाहिला. विज्ञानाच्या बाईने बीटाच्या माथी मारावा, म्हणजे भीती माणसाला काय काय करायला लावते बघा. चार दिवसांनी दुसरा डाग आला, मग तिसरा. बावीस वर्षांपूर्वी जे सगळं संपलं म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता ते नको त्या वयात परत दाराशी येऊन उभं होतं. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की त्या परकर स्वतः हाताने धूत आणि आपल्या खोलीच्या खिडकीला आतून वाळत घालत. वल्लरीने एकदा विचारलंही, अहो आई, मशीन आहे ना, तर त्या म्हणाल्या की नाडीचा गुंता होतो मशीनमध्ये. यजमान, सुधीर, असते तर, असंही एकदा त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना हसू आलं, कारण सुधीरनी अख्ख्या संसारात या गोष्टीला ‘तुझं ते’ यापलीकडे नाव दिलं नव्हतं. कोपरच्या त्या दोन खोल्यांत शेजारच्यांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जायचं, म्हणून असेल, पण इथे बाळकुमला येऊनही, चौदाव्या मजल्यावर, जिथे पलीकडचं कोणी मेलं तरी दोन दिवसांनी कळतं, तिथेसुद्धा ते हळूच विचारत, "तुझं ते बरं आहे ना?" प्रेमाने विचारत. पण नाव नाही म्हणजे नाही. बी विंगमधल्या नीरजाताई गेल्या वर्षी गेल्या त्या ‘पोटाचं काहीतरी’ होऊन, एवढंच सोसायटीला ठाऊक. काहीतरी म्हणजे काय, कुठे, कधी सुरू झालं, आधी काही दिसलं होतं का, हे कोणी कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. सरोजबाई त्यांच्या दहाव्याला जाऊन आल्या होत्या आणि खिचडी चांगली होती असं घरी येऊन म्हणाल्या होत्या.

डॉक्टरकडे जायचं हे ठरलेलंच होतं. त्यात त्या कचरत नव्हत्या. पण धडा वाचल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही ही चौतीस वर्षांची सवय. डॉक्टर काहीतरी बोलणार आणि आपण ठोंब्यासारखं तोंड बघत बसणार, हे त्यांना परवडणारं नव्हतं. आधी आपल्याला कळलं पाहिजे. मग काय कापायचं ते कापा. म्हणून त्यांनी एका बोटाने टाइप केलं, ‘उतारवयात अंगावरून जाणे’. तर पुढ्यात एक भगव्या उपरण्याचे महाराज आले, त्यांच्याकडे रक्तशुद्धीचं चूर्ण होतं, आणि एक बाई आली, ती चंद्राच्या कलांप्रमाणे उपास करायला सांगत होती. ते सगळं बिनदिक्कत उघडलं. त्याला कोणी अडवलं नाही. मग सरोजबाईंनी चष्मा पुसला आणि जो शब्द त्यांना पदवीपासून येत होता, जो त्यांनी वर्गात एकदाही उच्चारला नव्हता, तो पूर्ण लिहिला. योनीतून रक्तस्राव. पाळी बंद झाल्यानंतर. पहिलंच पान एका मोठ्या इस्पितळाचं दिसत होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि पडद्यावर एक घुबड आलं. चष्मा लावलेलं, गुबगुबीत, पंख हलवणारं घुबड. खाली लिहिलं होतं, ‘अरेच्चा! हे पान तुझ्यासाठी नाही. आईबाबांना विचार बरं!’

कुठल्या आईबाबांना विचारायचं? आई जाऊन एकतीस वर्षं झाली होती, बाबा त्याआधीच गेलेले. सरोजबाईंनी दुसरं पान पाहिलं. घुबड. तिसरं. घुबड. त्यांनी चार आकडी नंबर टाकून पाहिला तर घुबडाने अर्धा तास वाढवून दिला आणि परत पंख हलवले. वेळ हवा तेवढा घे, पण हे नाही. सहाव्या वेळेला त्या चक्क भांडायला लागल्या. "मेल्या," त्या म्हणाल्या, "तुला काय कळतंय रे त्यातलं?" तेवढ्यात दार लोटून अंतरा आत आली होती, अर्धवट झोपेत, पाण्याची बाटली न्यायला. "कोणाला शिव्या देतेस आजी?" कोणाला नाही, जा झोप, असं त्या म्हणाल्या आणि टॅब पोटाशी धरला. अंतरा हसली आणि गेली. आणि त्यानंतर त्यांनी आणखी दोन वेळा प्रयत्न केला, कारण हार मानायची तर निदान दमून मानावी.

"अंतरा, माझ्याकडे बघ," साकेत म्हणत होता. "तुझ्या वयात कुतूहल असतं. मी समजू शकतो. मी रागावलेलो नाही. पण खोटं बोलणं मला चालणार नाही."

"खोटं नाही बोलत आहे."

"मग आठ वेळा आपोआप झालं?"

"माहीत नाही."

"कोणी मैत्रिणीने सांगितलं का बघायला? संचिताने?"

"संचिताचा काय संबंध? तिला कशाला मध्ये आणतोस?"

संचिता कशी दिसते ते आठवायचा सरोजबाईंनी प्रयत्न केला, आणि त्यांना आठवली ती भलतीच मुलगी. मंजुळा. चाळीस वर्षं झाली असतील. उंच, काटकुळी, वडील रेतीबंदरावर कामाला, आणि पुस्तकं शाळेच्या पुस्तकपेढीची. ज्यांना विकत घेणं जमत नाही त्या मुलांना शाळा वर्षभर पुस्तकं वापरायला द्यायची. एप्रिलमध्ये ती परत आली की मे महिन्यात सरोजबाई त्यांची डागडुजी करायच्या. दाभण, मेणदोरा, खळ, खाकी कागद. त्यांची शिवण फार सुबक होती, इतर शिक्षक मुद्दाम बघायला यायचे. त्या वर्षी कोणा पालकाने विज्ञानातल्या प्रजननाच्या धड्याबद्दल तक्रार केली, आणि मुख्याध्यापक म्हणाले, बघा काहीतरी. काय बघा ते त्यांनी सांगितलं नव्हतं. दाभण सरोजबाईंचं स्वतःचं होतं. त्यांनी पुस्तकपेढीच्या एक्केचाळीस पुस्तकांमध्ये त्या धड्याची पानं कडेने एकत्र शिवून टाकली, बारीक टाक्यांनी, एकही टाका वाकडा नाही. वर्गात हा धडा आला की त्या म्हणत, हा घरी वाचून घ्या. ज्यांच्याकडे स्वतःचं पुस्तक होतं त्यांनी घरी वाचला असेल. बाकीच्या एक्केचाळीस जणांना वाचण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या तेव्हा लक्षातसुद्धा आली नव्हती. ती मंजुळाच्या आली. भर वर्गात उठून तिने विचारलं, "बाई, आमचेच बुकान ही पाना कनाला शिवलेली?" वर्ग फिदीफिदी हसला. आणि बाई म्हणाल्या, बाहेर उभी राहा. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना. ती पोरगी अख्खा तास व्हरांड्यात उभी होती, मान खाली न घालता, खिडकीतून फळ्याकडे बघत. आणि फळ्याकडे बघायला तिला चेहरा वर ठेवावा लागत होता, त्यामुळे सरोजबाईंनाच तिच्याकडे बघणं टाळावं लागलं. पुढल्या एप्रिलमध्ये पुस्तकं परत आली तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुस्तकांतला तो दोरा ब्लेडने कापलेला, आणि सगळ्या पुस्तकात जास्तीत जास्त हाताळून मळलेला धडा तोच. सरोजबाईंनी दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढले आणि परत शिवले. परत. हे त्यांना आज, हातात घावन धरून, लख्ख आठवलं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"ठीक आहे," साकेत म्हणाला. आता त्याचा आवाज आणखी शांत झाला होता, आणि त्या घरात तो आवाज फार शांत झाला की काहीतरी हातचं जायचं. "टॅब वार्षिक परीक्षेपर्यंत बंद. संचिताकडे जाणं बंद. आणि सोमवारी मी शाळेत येऊन तुझ्या क्लासटीचरना भेटतो."

"शाळेत कशाला रे?" वल्लरी म्हणाली.

"तिथूनच शिकून येतात. आज नाही थांबवलं तर उद्या हाताबाहेर जाईल."

"बाबा, शाळेत नको," अंतरा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "प्लीज. सगळ्यांना कळेल. मला चिडवून चिडवून मारतील. बाकी काय पण कर, शाळेत नको ना."

आणि तिने आजीकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग पटकन नजर ताटलीत घातली.

पोरीला माहीत होतं. पाण्याची बाटली, पोटाशी धरलेला टॅब, शिव्या, सगळं जुळवायला तिला काही वेळ लागला नसणार. आजकालची पोरं ती. एक वाक्य बोलली असती, आजी वापरत होती, तर ती मोकळी होती. ती बोलत नव्हती. आजीने काय पाहिलं असेल, कशाला पाहिलं असेल, देव जाणे तिने काय समजूत करून घेतली होती, पण जे काही असेल ते तिने आजीचं म्हणून पदराखाली घेतलं होतं आणि स्वतः बोलणी खात बसली होती. आणि सरोजबाई? खोटं कशाला सांगा, दोन-तीन मिनिटांपूर्वी त्यांच्या मनात येऊन गेलं होतं की चार महिने टॅब नाही मिळाला तर मुलीचं काय बिघडणार आहे. डोळे सुधारतील. शाळेचं काय ते आपण साकेतला मागाहून समजावू. सोमवारी एकटीनेच रिक्षा करून डॉक्टरकडे जाऊन येऊ, कोणाला काही कळायला नको. हे सगळं त्यांनी मनात मांडून झालं होतं, अगदी सुबक, एकही टाका वाकडा नाही.

"साकेत," त्या म्हणाल्या. "मी होते ती."

"काय?"

"गुरुवारी. टॅब माझ्याकडे होता."

साकेतच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं, आणि त्याच्या मागोमाग एक समजूतदार, मऊ हसू, जे सरोजबाईंना त्याच्या मघाच्या शांत आवाजापेक्षाही जास्त झोंबलं. "अगं आई, मग सांगायचं ना. चुकून कुठल्या तरी जाहिरातीवर बोट पडलं असेल. होतं असं. सीनियर लोकांचं फार होतं. मी असं करतो, तुझाही मोबाइल त्यातच..."

"चुकून नाही."

"अगं, पण..."

"चुकून आठ वेळा कोणी काही करतं का? मुद्दाम. आठही वेळा मुद्दाम." आवाज किंचित चढला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा. तो त्यांनी उतरवला नाही. "मला योनीतून रक्त जातंय. तीन आठवडे झाले. पाळी बंद होऊन बावीस वर्षं झालेली आहेत, त्यामुळे हे साधं असेल किंवा कॅन्सर असेल. कुठलं ते मला वाचायचं होतं. तुझ्या घुबडाने वाचू दिलं नाही."

खाली हायवेवर माजिवड्याच्या बाजूला एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. साकेतचे कान लाल झाले होते. मुंजीतल्या बटूसारखे, आणि तेही बत्तिसाव्या वर्षी. नाही, बेचाळिसाव्या, त्यांनी मनातल्या मनात हिशेब दुरुस्त केला. वल्लरी पुढे आली आणि तिने सरोजबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो आई, तीन आठवडे? एकट्याच? मला तरी बोलायचंत."

"बोलायला हवं होतं," सरोजबाई म्हणाल्या. "नाही बोलले. सवय नव्हती."

"अंतरा," साकेत म्हणाला, "तू आत जा जरा."

"अंतरा, बैस."

"आई, तिच्यासमोर..."

"तिच्यासमोरच. माझ्यावरचा आळ तिने पंधरा मिनिटं अंगावर घेतलाय. तुला दिसलं नाही, मला दिसलं. तिला आता आत घालवायचं?" त्यांनी समोरची ताटली बाजूला सारली. "आणि तिला कळलं तर काय होईल? तिलाही तेच शरीर आहे. उद्या तिला काही झालं तर ती घुबडाला विचारणार, घुबड म्हणणार बाबांना विचार, आणि बाबांचे कान बघ कसे झालेत. मग ती कोणाला विचारणार? त्या चूर्णवाल्या महाराजाला?"

अंतराला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही आलं. तिने डोळे बाहीला पुसले.

"आई, मी हे सगळ्यांच्या काळजीपोटीच केलं," साकेत म्हणाला. तो खरंच दुखावला होता. चांगला मुलगा होता तो. त्यांनीच वाढवलेला होता, आणि हेही त्यांनीच शिकवलेलं होतं, ते त्या नाकारणार नव्हत्या.

"माहितेय. मीही काळजीपोटीच करत आले जन्मभर. नुसती काळजी होती, साकेत, अक्कल नव्हती."

"मी डॉक्टरना फोन लावते," वल्लरी म्हणाली. "माजिवड्याच्या त्या मॅडम चांगल्या आहेत. शनिवारी असतात सकाळी."

"तू नको. साकेत लावेल."

"मी?"

"माझी तक्रार आधी तुझ्याकडेच पोचली ना? मिनिटासकट पोचली. मग आता पुढेही तूच पोचव. स्पीकर चालू कर, मलाही ऐकू दे."

त्याने बायकोकडे पाहिलं. वल्लरीने नंबर काढून आपला मोबाइल त्याच्यापुढे सरकवला आणि हाताची घडी घातली. पालथा ठेवलेला मोबाइल त्याने उचलला, नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली, आणि तेवढ्या वेळात सरोजबाईंना वाटून गेलं की कोणी उचलूच नये. नाहीतरी आपण एवढं बोललो ते पुष्कळ झालं, आता खोलीत जाऊन दार लावून पडावं. भीती काही गेली नव्हती. ती होती तिथेच होती, ओटीपोटात, गारठ्यासारखी. फक्त आता ती टेबलावर होती, सगळ्यांच्या समोर, आणि त्या तिच्याकडे बघू शकत होत्या.

"हां, बोला," पलीकडून एक बाई म्हणाली. मागे कोणाचं तरी बाळ रडत होतं.

"आजची अपॉइंटमेंट हवी होती. माझ्या आईसाठी."

"आज फुल आहे. काय होतंय पेशंटला?"

"ते जरा... लेडीज प्रॉब्लेम आहे."

"साहेब, आमच्याकडे सगळ्याच लेडीज येतात. होतंय काय ते सांगा, अर्जंट असेल तर मध्ये घेते."

साकेतने तोंड उघडलं. टेबलापलीकडे त्याची आई ताठ बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. सरोजबाईंना दिसत होतं की शब्द त्याच्या जिभेपर्यंत येतोय आणि परत फिरतोय. त्यांना त्याची दया आली, आणि तरीही त्या मदतीला गेल्या नाहीत.

"हॅलो? साहेब? पेशंट थांबलेत माझ्यापुढे."

अंतरा उठली. तिने बापाच्या हातातून मोबाइल अलगद काढून घेतला आणि तोंडाशी धरला.

"माझ्या आजीला योनीतून रक्त जातंय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. तिची पाळी बंद होऊन बावीस वर्षं झालीत. तिला आजच दाखवायचंय."

पलीकडे रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. "साडेअकराला आणा. उशीर नको," ती बाई म्हणाली. मग थोडी थांबली आणि तिने हलक्या आवाजात विचारलं, "बाळ, तू लहान वाटतेस गं. घरात कोणी मोठं आहे ना?"

"आहे ना," अंतरा म्हणाली. "आजी आहे."